गुडघा दुखतोय, बीपीची गोळी सुरू आहे. योगाचा कोणता वर्ग लावू?

पत्र (थोडक्यात): माझं वय 47. बँकेत बसून काम, शिवाय रोज दोन तास लोकलचा प्रवास. वजन 74 किलो. वर्षभरापासून बीपीची गोळी चालू आहे. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणाले, थोडी झीज आहे, व्यायाम करा. सोसायटीच्या गच्चीवर पॉवर योगाचा वर्ग लावला. रोज 40 सूर्यनमस्कार. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला आणि मनगटं धरली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘सुरुवातीला दुखणारच, सवय होईल.’ मैत्रीण तिच्या अय्यंगार वर्गाला बोलावते, पण तिथे नुसतं खुर्च्या आणि पट्टे लावून उभं करतात म्हणे. मुलगी गरम खोलीतल्या योगाबद्दल सांगते. घरचे म्हणतात, टीव्हीवर बघून कपालभाती कर, वजन उतरेल. मला पाठ मोकळी करायची आहे आणि वजनही कमी करायचंय. यातलं काय निवडू?
— एक वाचक, ठाणे

ताई, आधी गुडघ्याचं. सूज असेपर्यंत कुठलाच वर्ग नको. सूज म्हणजे सांध्यात पाणी किंवा दाह, आणि त्यावर सवय हे औषध नाही. आठवडाभर विश्रांती घेऊनही ती उतरली नाही, रात्री ठणकायला लागलं किंवा गुडघा मध्येच अडकतोय असं वाटलं, तर पुन्हा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वर्गाचा विचार त्यानंतर.

तुमचं शरीर योगाला नालायक आहे असं मनात आणू नका. गच्चीवर काय झालं त्याचा हिशोब मांडून बघू. आपल्याकडच्या 12 स्थितींच्या सूर्यनमस्कारात प्रत्येक पाय एकदा मागे जातो आणि एकदा पुढे येतो. मागे गेला की त्याचा गुडघा जमिनीला टेकतो, पुढे आला की तोच गुडघा खोल वाकतो. मधे साष्टांग स्थितीत दोन्ही गुडघे टेकतात. 40 नमस्कारांत तुमचा उजवा गुडघा 80 वेळा जमिनीवर टेकला आणि 40 वेळा वजनासकट पूर्ण वाकला. पाचवी ते आठवी, अशा सलग चार स्थितींत तळहातांवर भार असतो, म्हणजे मनगटांना 40 वेळा 74 किलोंतला मोठा वाटा उचलावा लागला. एरवी ती मनगटं कीबोर्ड आणि नोटा याखेरीज काही उचलत नाहीत. पहिल्या आठवड्यात 4 आणि महिन्याभराने 12 अशा चढत्या क्रमाने, गुडघ्याखाली घडी घातलेली चादर ठेवून हेच केलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

सूर्यनमस्कारांना आम्ही नावं ठेवत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा ध्यास घेऊन प्रसार केला आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची शरीरं त्यावर घडली. पण तो मुळात ताकदीचा व्यायाम आहे, आणि तसाच तो चढवत न्यावा लागतो.

आता प्रकारांकडे. नावांचा गोंधळ इतका आहे की नावावरून निवड करणं जवळपास अशक्य. ‘अष्टांग’च घ्या. पतंजलींच्या सूत्रांतला अष्टांग योग म्हणजे यम-नियमांपासून समाधीपर्यंतची आठ अंगं. वर्गाच्या पाटीवर ‘अष्टांग’ लिहिलेलं असतं तेव्हा मात्र बहुतेक वेळा म्हैसूरच्या पट्टाभी जोईस यांची अष्टांग विन्यास पद्धत अभिप्रेत असते: ठरलेली आसनमालिका, प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली, आठवड्यातून सहा दिवस, अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. पहिली मालिकाच पुरी करायला साधारण दीड तास लागतो. विन्यास, फ्लो, पॉवर योगा हे बरेचसे त्याच घराण्यातले पुढचे अवतार. गंमत अशी की जोईस यांच्याप्रमाणे बी. के. एस. अय्यंगारही म्हैसूरचे योगगुरू कृष्णमाचार्य यांचेच शिष्य. 1937 साली ते पुण्याला शिकवायला आले आणि 2014 मध्ये निधन होईपर्यंत पुण्याचेच होऊन राहिले. एकाच गुरूकडून एक शिष्य वेग घेऊन निघाला, दुसरा ठहराव. तेव्हा ‘खरा योग कोणता’ या वादात पडू नका. आपल्या शरीराला आज काय झेपतं, एवढंच पाहायचं.

त्यासाठी कुठल्याही वर्गाबद्दल चार गोष्टी विचारा: आसन किती वेळ धरतात, एका आसनातून दुसऱ्यात किती वेगाने जातात, श्वास रोखायला किंवा जोरात सोडायला सांगतात का, आणि शिक्षकाची नजर प्रत्येकापर्यंत पोचते का. तुमच्या गुडघ्यासाठी वेग हा शत्रू, तुमच्या बीपीसाठी श्वास रोखणं आणि डोकं खाली-वर झटपट करणं हा शत्रू. ही चाळणी लावली की यादी आपोआप लहान होते.

गरम खोलीतला योग पहिल्यांदा गळतो. त्याचा मूळ साचा 40 अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत 90 मिनिटं, 2 श्वसनप्रकार धरून एकूण 26 प्रकार असा आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपीची गोळीही दाब उतरवतच असते. दोन्ही एकत्र आले की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर घामाने पाणी आणि क्षार आणखी कमी होतात. दुसरं कारण गुडघ्याचं: गरम स्नायू सैल वाटतात, ताणाची धोक्याची सूचना उशिरा येते आणि माणूस नको तितका ताणतो. मुलीला चालेल, ती तरुण आणि निरोगी असेल तर. तुम्हाला नको.

टीव्हीपुढची कपालभाती दुसरी. ती मुळात शुद्धिक्रिया आहे. जोरजोरात, शेकड्यांनी, बीपी असताना, कोणी बघायला नसताना करायची गोष्ट ती नव्हे. पोट आत ओढताना बहुतेक जण चेहरा आणि खांदे आवळतात, छातीत दाब धरतात, आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना नेमकं तेच टाळायचं असतं. भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) आणि श्वास रोखून ठेवणारे प्राणायामही सध्या बाजूला ठेवा. कपालभातीने वजन उतरतं म्हणाल, तर त्या हालचालीत खर्च होणारी ऊर्जा फारच थोडी.

उरतात संथ पद्धती, आणि त्या महाराष्ट्रात भरपूर आहेत. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये सुरू केलं. तिथल्या परंपरेत आसन कमी श्रमात, स्थिर, हळू येऊन हळू सुटतं. सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटची परंपरा 1918 पासूनची, तिचा सगळा रोख घरसंसार करणाऱ्या माणसांवर. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाची पवनमुक्तासन मालिका सांध्यांसाठी इतकी उपयोगी आहे की पुढे घरच्या सरावात आम्ही तीच सांगणार आहोत. शिवानंद परंपरेत 12 आसनांचा ठरलेला क्रम असतो. पण तो शीर्षासन-सर्वांगासनाने सुरू होतो, त्यामुळे तुम्हाला त्यात बरीच काटछाट करून घ्यावी लागेल. यिन योगात जमिनीवर बसून-झोपून एकेक स्थिती 3 ते 5 मिनिटं धरतात. शांत वाटतं, पण वाकलेल्या गुडघ्यावर इतका वेळ ताण आला तर तुमचा गुडघा दुसऱ्या दिवशी तक्रार करेल.

आमचा सल्ला: मैत्रिणीबरोबर अय्यंगार वर्गात जा, पण नवशिक्यांच्या गटात.

‘नुसतं खुर्च्या आणि पट्टे लावून उभं करतात’ हे तुम्ही ज्याला उणं समजताय, तेच तुमच्या कामाचं आहे. त्रिकोणासनाचं उदाहरण घ्या. घाईच्या वर्गात पाय फाकवून हात खाली नेला की झालं. हात जमिनीपर्यंत पोचावा म्हणून माणूस गुडघा मागे ढकलून कुलूप लावल्यासारखा अडकवतो, सगळा भार सांध्याच्या मागच्या बाजूला जातो, वर छाती जमिनीकडे वळते. चांगल्या अय्यंगार वर्गात तुम्हाला भिंतीला पाठ लावून उभं करतील. पायांत तीन-सव्वातीन फूट अंतर. उजवा पाऊल बाहेर 90 अंशांत, डावा किंचित आत. उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लाकडी वीट उभी, म्हणजे 9 इंच उंच. हात विटेवर. मग सांगतील, मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर ओढा, मांडी बाहेरच्या बाजूला फिरवा, वाटीचा रोख पायाच्या दुसऱ्या बोटाकडे येऊ दे. गुडघा आतल्या बाजूला कोसळत होता तो इथे सरळ येतो. वीट नसती तर हे सगळं करायला तुमच्याकडे उसंतच उरली नसती. अर्धा मिनिट असं उभं राहिल्यावर मांडी थरथरते. ती थरथर म्हणजे स्नायू कामाला लागल्याची खूण. जिना उतरताना गुडघ्याला सावरतो तो हाच स्नायू.

तुमचा गुडघा आत कोसळतो का, ते घरीच बघता येईल. आरशासमोर खुर्ची ठेवा, हात छातीशी धरा आणि तीन सेकंद लावत उठा, तीन सेकंद लावत बसा. उजवा गुडघा अंगठ्याकडे किंवा त्याच्याही आत झुकत असेल, तर नितंबाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमकुवत असू शकतात. तुमच्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी हे सांगा.

अर्थात पाटीवर अय्यंगार लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आधी एक तास बाजूला बसून वर्ग बघू द्या म्हणावं. नकार आला तर तिथेच थांबा. बघताना शेवटच्या रांगेतल्या सगळ्यात अवघडलेल्या माणसाकडे नजर ठेवा. शिक्षक त्याच्यापर्यंत जातात का? त्याला वेगळी वीट, वेगळी खुर्ची मिळते का, की ‘जमेल तेवढं करा’ म्हणून सोडून देतात? नव्या माणसाला आजार, गोळ्या, शस्त्रक्रिया विचारतात का? एका शिक्षकामागे 12 ते 15 नवशिके ठीक, 40 असतील तर तुमचा गुडघा कोणाला दिसणार नाही. शिक्षक स्वतः कोणाकडे, किती वर्षं शिकले हेही मोकळेपणाने विचारा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र असलं तर चांगलंच, पण कागदापेक्षा शेवटची रांग जास्त खरं बोलते. वर्षाची फी एकदम भरू नका. सवलत कितीही असो, महिन्याचीच भरा.

मैत्रिणीच्या वर्गात हे दिसलं नाही तर दुसरा बघा. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग आहेत, तिथे चौकशी करा. शिक्षक चांगला असेल तर पद्धत कैवल्यधामची की मुंगेरची याने तुमच्या बाबतीत फारसा फरक पडणार नाही.

वर्गात गेल्यावर काही गोष्टी स्वतःहून सांभाळायच्या. शीर्षासन, सर्वांगासन सध्या नाही. पुढे वाकून डोकं पूर्ण खाली नेणाऱ्या आसनांत हात भिंतीला किंवा खुर्चीला टेकवून पाठ जमिनीला समांतर ठेवा, डोकं पाठीच्या रेषेत. कुठल्याही खालच्या स्थितीतून उठताना आधी कुशीवर वळा, दोन श्वास थांबा, मग उठा. वज्रासनात गुडघ्याच्या खोबणीत जाड गुंडाळी घाला आणि नितंबाखाली लोड घ्या. तरीही दुखलं तर वज्रासन सोडा, त्यावाचून काही अडत नाही. पद्मासनाचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्या. नितंबाचा सांधा उघडत नसला की ती पीळ थेट गुडघ्यात उतरते. साध्या मांडीला बसतानाही सोलापुरी चादरीच्या घड्या घालून 10 ते 15 सेंटीमीटर उंच बैठक करा, गुडघे कमरेच्या खाली यायला हवेत. पाठ आपोआप सरळ होते आणि बँकेतल्या बैठकीने आखडलेल्या कमरेला तिथेच पहिला आराम मिळतो.

मनगटांसाठी, हातावर भार घ्यायची वेळ आली तर बोटं पसरा, मनगटाची घडी चटईच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा आणि अंगठा व तर्जनीच्या मुळाशी दाबा. बहुतेकांचा भार तळहाताच्या टाचेवर, करंगळीच्या बाजूला पडतो आणि तिथेच मनगट दुखतं. पहिले दोन महिने हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर टेका. खुर्ची भिंतीला लावून ठेवा, घसरता कामा नये.

वर्ग आठवड्यातून दोनदा. उरलेल्या दिवशी घरी 20 मिनिटं पुरेत, ती अशी. पाय पसरून बसा, हात मागे टेकलेले. पायाची बोटं 10 वेळा पुढे-मागे, मग घोटे 10 वेळा, घोट्यांचे गोल दोन्ही बाजूंनी 10. मग मांडी आवळून गुडघ्याची वाटी वर ओढा, पाच मोजेपर्यंत धरा, सोडा, 10 वेळा. ही पवनमुक्तासनाची सुरुवात, आणि दिसायला क्षुल्लक असली तरी गुडघ्यासाठी यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. नंतर भिंतीला हात टेकून अर्ध-उत्तानासन, म्हणजे पाठ जमिनीला समांतर येईल इतकं पुढे वाकणं, एकेक मिनिट दोनदा. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, ते सेतुबंधासन, पाच श्वास तसंच राहून तीन वेळा; पावलं कमरेइतक्या अंतरावर, गुडघे बाहेर फाकू देऊ नका. मग पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून पाठीवर पाच मिनिटं पडा, लोकलमध्ये उभं राहून आलेल्या पाठीला याच्याइतकं बरं दुसरं काही वाटत नाही. शेवटी त्याच स्थितीत चार मोजून श्वास घ्या, सहा मोजून सोडा, मधे रोखू नका, पाच मिनिटं. जेवणानंतर तीन-चार तास आणि हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. चटईशिवाय वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही: पट्ट्याऐवजी जुनी सुती ओढणी, लोड घरातलाच, खुर्ची न घसरणारी.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण यावरूनच बहुतेक जणी निराश होऊन वर्ग सोडतात. तासभर संथ आसनं केल्यावर जेवढी ऊर्जा जाते ती साधारण रमतगमत चालण्याएवढी. पाठ मोकळी होईल, मांड्यांत ताकद येईल, झोप सुधारेल. नुसत्या आसनांनी 74 चे 64 होणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. सपाट रस्त्यावर, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने, रोज 30 मिनिटं पाच दिवस चाला. स्टेशनवरून घरी येतानाची रिक्षा सोडलीत तरी यातला बराच भाग होईल. बाकी ताटाचा प्रश्न, त्यासाठी आहारतज्ज्ञांना भेटा.

सहा आठवडे एवढं करा आणि तीन गोष्टींची नोंद कॅलेंडरवर ठेवा. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा आधीपेक्षा बरा, तितकाच की वाईट. रात्री कितीदा जाग आली. आणि आठवड्यातून दोनदा सकाळी, पाच मिनिटं शांत बसून, एकाच हातावर घेतलेलं बीपी. दाब उतरताना दिसला तरी गोळी स्वतः कमी करू नका, ती नोंद डॉक्टरांना दाखवा. मांडीच्या किंवा पाठीच्या मांसल भागात बोथट दुखणं आलं आणि दोन दिवसांत गेलं, तर ते व्यायामाचं दुखणं. सांध्याच्या रेषेवर टोचल्यासारखं, हाताला-पायाला मुंग्या, किंवा दुसऱ्या दिवशी जास्त, तर ते आसन थांबवून शिक्षकांना सांगायचं. ‘सवय होईल’ हे उत्तर पुन्हा मिळालं तर वर्ग बदला. सहा आठवड्यांनी तीनपैकी दोन नोंदी सुधारलेल्या दिसल्या तर तोच वर्ग वर्षभर चालू ठेवा.

गच्चीवरचे सूर्यनमस्कार कायमचे गेले असं समजू नका. एका जिन्यावरून गुडघ्याची आठवणही न होता उतरता यायला लागलं की शिक्षकांना विचारून खुर्चीवर हात टेकून करायचे नमस्कार सुरू करता येतील, दिवसाला तीन. आणि पहिल्या दिवशी वर्गाला जाताना एका चिठ्ठीवर गोळीचं नाव, ती घ्यायची वेळ, कोणता गुडघा आणि कधीपासून, एवढं लिहून नेऊन शिक्षकांच्या हातात द्या. गडबडीत तोंडी सांगायचं राहून जातं.